कानातली अजान आणि त्यानंतरचे शब्द

बाळ जन्मास आले की घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती त्याला हातांवर घेते आणि त्याच्या कानात हलक्या आवाजात अजान देते. सोलापूर असो, मालेगाव असो, रत्नागिरीची खाडीकाठची वस्ती असो, हा क्षण सर्वत्र सारखाच असतो. ज्याला अजून प्रकाश आणि अंधारही नीट कळत नाही, त्याच्याशी आपण पहिली गोष्ट करतो ती बोलण्याची. आपण त्याला शब्द देतो आणि ते शब्द त्याला ऐकू जातात, यावर आपला विश्वास असतो.

हा विश्वास निराधार नाही. १९८० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की जन्मून तीन दिवसही न झालेले अर्भक आपल्या आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजातून वेगळा ओळखते आणि तो पुन्हा ऐकू यावा म्हणून आपल्या चोखण्याचा वेग बदलते. कान तर उदरातच जागे झालेले असतात.

माझा प्रश्न अजानीच्या पुढचा आहे. अजान दोन-तीन मिनिटांत संपते. त्यानंतरच्या दिवसांत, महिन्यांत, पहिल्या तीन-चार वर्षांत त्या कानात काय जाते? आणि जे जाते, त्याचा हिशेब कोणाकडे आहे?

पवित्र कुरआनच्या सूरह अर्-रहमानमध्ये अल्लाहने आपल्या कृपांचा उल्लेख करताना कुरआनची शिकवण, मानवाची निर्मिती आणि मानवाला दिलेली व्यक्त होण्याची शक्ती या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक सांगितल्या आहेत. हजरत आदम (अलै.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकविली गेली आणि त्याच ज्ञानाच्या बळावर फरिश्त्यांसमोर त्यांचे स्थान स्पष्ट झाले, हेही आपण सूरह बकरहमध्ये वाचतो. वाणी ही निर्मात्याची देणगी आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. मात्र ही देणगी प्रत्येक बालकापर्यंत पोहोचते ती माणसांच्या हातून. या मधल्या हातांविषयी आपण फारसा विचार करीत नाही.

हे मधले हात काढून घेतले तर काय होते, याचा एक क्रूर प्रयोग आपल्याच देशाच्या इतिहासात नोंदलेला आहे. मानवाची मूळ भाषा कोणती, हे जाणून घेण्यासाठी बादशहा अकबराने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही तान्ही मुले त्यांच्या मातांपासून दूर एका वास्तूत ठेविली आणि त्यांच्याशी कोणीही एक शब्द बोलू नये, अशी सक्त ताकीद दाया व पहारेकऱ्यांना दिली. अबुल फजल आणि बदायुनी या दोघांनीही याची नोंद केली आहे. वर्षे लोटली. मुलांच्या तोंडून अरबीही निघाली नाही, संस्कृतही नाही. ती मुकी निघाली. त्या वास्तूला लोकांनी नावच दिले ‘गुंग महल’, मुक्यांचा वाडा. त्या मुलांना अन्न होते, छप्पर होते, बादशाही देखरेख होती. फक्त त्यांच्याशी बोलणारे कोणी नव्हते.

इब्न खल्दून यांनी त्याच्या दोनशे वर्षे आधी, आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात, भाषेला ‘मलका’ म्हटले आहे, म्हणजे अंगी मुरलेले कसब. मूल आपल्या भोवतालच्यांचे बोलणे ऐकते, आधी सुटे शब्द उचलते, मग त्यांची जुळणी उचलते, आणि ऐकता ऐकता, वापरता वापरता ते त्याचे स्वतःचे होऊन जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आजचे संशोधन याच दिशेने जाते. कॅनडात १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविण्यात आले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतील फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला. घरात जे ध्वनी ऐकू येत नाहीत, त्यांवरचे लक्ष वर्षभराच्या आत मिटू लागते. आपल्या बाळाचा पहिला वाढदिवस होण्याआधीच आपल्या घराने त्याचा कान घडविलेला असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो थोडा अवघड आहे.

बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या दोन अमेरिकन संशोधकांनी कॅन्सस राज्यातील ४२ कुटुंबांत, मूल सुमारे सात-नऊ महिन्यांचे असल्यापासून ते तीन वर्षांचे होईपर्यंत, दरमहा एक तास बसून घरातील बोलणे नोंदविले. १९९५ साली त्यांचे पुस्तक आले. उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या घरात मुलाला तासाला सुमारे २१०० शब्द ऐकू येत होते, कामगारांच्या घरात १२५० आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत ६०० च्या आसपास. याचा गुणाकार करून त्यांनी पहिल्या तीन-चार वर्षांत तीन कोटी शब्दांची तफावत पडते असा अंदाज मांडला आणि तो आकडा जगभर गाजला.

मला मात्र त्याच पुस्तकातील दुसरा आकडा अधिक बोचतो. पहिल्या प्रकारच्या घरात मुलाला तासाला सरासरी ३२ वेळा शाबासकी अथवा प्रोत्साहन मिळत होते आणि ५ वेळा मनाई. अखेरच्या प्रकारच्या घरात प्रोत्साहन ५ वेळा आणि मनाई ११ वेळा. नको, थांब, हात लावू नकोस, गप्प बस. वाचकहो, आपण आपल्याच घरात एक तास कान देऊन बसावे आणि मोजावे. मी मोजले होते. आकडा सांगत नाही.

तरीही या अभ्यासापुढे मान तुकविण्याआधी थांबले पाहिजे. मदतीवर जगणारी कुटुंबे त्यात अवघी सहा होती. अनोळखी माणूस वही घेऊन समोर बसला असता गरीब, दबलेली आई मोकळेपणाने बोलेल काय? पुढे डग्लस स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या समाजांतील घरांत पाहिले की एकाच आर्थिक स्तरातील घराघरांत मोठे अंतर असते आणि आजी, काकू, भावंडे, शेजारी या सर्वांचे बोलणे धरले तर चित्र बरेच बदलते. यावर अजूनही वाद आहे. कारण मुलाच्या कानावरून जाणारे बोलणे आणि मुलाला उद्देशून केलेले बोलणे यांचा परिणाम सारखा नसतो, हेही इतर अभ्यासांनी दाखविले आहे. पण गरिबी म्हणजे शब्दांचीही गरिबी, असा जो सरळ निष्कर्ष अनेकांनी काढला, तो टिकत नाही.

आम्हा मुस्लिमांना तर तो निष्कर्ष मुळातच पटू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण आठवा. मक्केतील कुरैश घराणी आपली तान्ही मुले वाळवंटातील कबिल्यांकडे पाठवीत असत, मोकळ्या हवेसाठी आणि शुद्ध, सकस अरबी भाषेसाठीही. सीरतच्या ग्रंथांतून आपण वाचतो की प्रेषित (स.) यांना घेऊन गेलेल्या बनू साद कबिल्यातील हजरत हलीमा यांचे घर श्रीमंत नव्हते. दुष्काळाचे वर्ष होते, उंटिणीचे दूध आटलेले होते, आणि बाळ पोरके म्हणून इतर दायांनी त्याला घेण्यास टाळाटाळ केली होती. अशा तंबूत त्या बाळाने बोलणे शिकले. मक्केच्या संपन्न व्यापाऱ्यांना आपल्या मुलांची भाषा घडविण्यासाठी या गरीब भटक्यांच्या दारी जावे लागत होते, ही गोष्ट आपण वारंवार ऐकतो, परंतु तिचा अर्थ कधी आपल्या घराला लावून पाहत नाही.

मग उणीव कशाची पडते? २०१८ साली रेचल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातील बोलणे ध्वनिमुद्रित करून मुलांच्या मेंदूचीही तपासणी केली. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात आळीपाळीने किती वेळा बोलणे झाले, याचा भाषेशी संबंधित मेंदूच्या कार्याशी अधिक घट्ट संबंध दिसला. घराचे उत्पन्न आणि आईवडिलांचे शिक्षण हिशेबात धरूनही तो कायम राहिला. मूल काहीतरी म्हणते, आपण त्याला उत्तर देतो, ते पुन्हा काही म्हणते. याला पैसा लागत नाही. थांबणे मात्र लागते.

प्रेषित (स.) यांचे मुलांशी वागणे या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे, अशी माझी विनंती आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे एक लहानसा पक्षी होता. त्या मुलाला प्रेषित (स.) ‘अबू उमैर’ म्हणत. पक्षी मेला. तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या चिमुकल्याला त्या पक्ष्याविषयी विचारले, आणि तेही त्याच्या नावाशी यमक जुळवून, ‘उमैर’ला ‘नुगैर’. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या समाजाचा भार होता, त्यांनी एका मुलाच्या पाखराची चौकशी केली आणि ती मुलाच्या कानाला गोड लागेल अशा शब्दांत केली.

दुसरा प्रसंग हजरत हसन (रजि.) यांचा. बालवयात त्यांनी सदक्याच्या खजुरांतील एक खजूर तोंडात घातला. प्रेषित (स.) यांनी ‘किख, किख’ म्हटले. हा शब्दकोशातला भारदस्त शब्द नव्हे. तान्ह्या मुलाला घाण वस्तू थुंकायला लावताना अरब माता जो उद्गार काढीत, तो हा. आपल्याकडे आया ‘छी छी’ म्हणतात तसा. पण प्रेषित (स.) तेवढ्यावर थांबले नाहीत. आपण सदक्याचे खात नाही, हे कारणही त्यांनी त्या मुलाला सांगितले. आधी मुलाच्या भाषेत मनाई, लगेच त्यामागचे कारण. आपल्या घरातील मनाई बहुधा पहिल्या अर्ध्यावरच संपते.

आणि तिसरा प्रसंग, जो मला स्वतःला अपराधी करून सोडतो. उम्मे खालिद (रजि.) ही मुलगी हबशा देशात, स्थलांतर करून गेलेल्या मुस्लिम कुटुंबात वाढली होती. ती मदीनेत आली तेव्हा प्रेषित (स.) यांनी तिला एक नक्षीदार वस्त्र स्वतःच्या हातांनी पांघरविले आणि त्या नक्षीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘सनाह’. हा हबशी शब्द आहे, अर्थ, सुंदर. ज्यांच्यावर अरबी भाषेत कुरआन अवतरला, त्यांनी एका लहान मुलीच्या ओळखीचा परका शब्द आपल्या मुखी घेतला.

आता माझी गोष्ट सांगतो. आमच्या घरी दखनी बोलली जाते. माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात बारा तास काढून घरी आलेला माणूस फार बोलत नाही. त्यांच्या कानात रात्रीही माग चालूच असत. बोलायची ती अम्मी. ज्वारीची भाकरी थापताना, धुणे वाळत घालताना, ती प्रत्येक वस्तूचे नाव घेत, प्रत्येक कृती सांगत आमच्याशी बोलत राही. तिला अक्षर वाचता येत नव्हते. मला जे काही मराठी लिहिता येते, त्याच्या मुळाशी मराठी शाळेतील बाई आहेत तशीच ती दखनी बडबडही आहे, हे मला फार उशिरा उमगले.

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला एका इंग्रजी शाळेत घातले. पहिल्याच पालकसभेत सांगण्यात आले की मूल मागे पडू नये असे वाटत असेल तर घरात ‘गावठी’ भाषा बोलू नका. मी घरी आलो आणि अम्मीला म्हणालो, “अम्मी, मुन्नीसे अपनी बोली नक्को बोल.” ती ‘हौ’ म्हणाली. तिने वाद घातला नाही. तिला इंग्रजी येत नव्हते, मराठी बाजारापुरते येत होते. म्हणून ती गप्प झाली. ती नातीला भरवी, तिची वेणी घाली, थोपटून निजवी, आणि हे सारे मुक्याने करी. मी व माझी पत्नी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘डोंट’ म्हणत असू. आज त्या शब्दांकडे पाहतो तेव्हा दिसते की ते सर्वच्या सर्व हुकूम होते. ज्या भाषेत आम्हाला चिमणीची गोष्ट सांगता येत नव्हती, त्या भाषेत आम्ही मुलीला फक्त आज्ञा देत होतो. वर्षभर हे चालले. घरातले सर्वांत बोलके माणूस मी स्वतःच्या हातांनी मुके केले होते.

सूरह रूममध्ये भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हणून सांगितली आहे, आणि सूरह इब्राहीममध्ये म्हटले आहे की प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला. दखनी असो, कोकणी मुस्लिमांची बोली असो, उर्दू वा मराठी असो, यांपैकी कोणतीही भाषा मुलाला मागे खेचीत नाही. लहान मूल दोन-तीन भाषा एका वेळी पेलू शकते. त्याला प्रत्येक भाषेत कोणीतरी मनापासून बोलणारे हवे असते.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलाशी बोलणे हे कर्तव्य असेल, तर जी आई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून रात्री आडवी होते, ती अपराधी ठरते काय? इमाम गजाली यांनी मूल हे आईवडिलांजवळची अमानत असल्याचे म्हटले आहे. अमानत सांभाळण्याची शक्तीच कोणी हिरावून घेतली असेल तर? कुरआनने तत्त्व स्पष्ट केले आहे की कोणाही जीवावर त्याच्या कुवतीपलीकडचे ओझे टाकले जात नाही. त्या आईचा हिशेब तिच्या कुवतीने होईल. मात्र तिची कुवत जे संपवितात, दोन-दोन पाळ्या करून घेणारे मालक, चार भिंतींत आठ माणसे कोंबणारी वस्ती, आणि शेजारी असूनही त्या मुलाशी कधी न बोलणारे तुम्ही-आम्ही, यांचा हिशेब वेगळा होईल. फर्ज-ए-किफायाची चर्चा आपण जनाज्याच्या नमाजपुरती मर्यादित ठेविली आहे. मोहल्ल्यातील ज्या मुलाशी दिवसभर कोणी बोलत नाही, त्याच्याविषयी आपले सामूहिक कर्तव्य काय, हा प्रश्न मशिदीच्या पायऱ्यांवर विचारला गेला पाहिजे.

ज्यांच्याजवळ वेळ आहे आणि तरी जे बोलत नाहीत, त्यांच्याविषयी मी इतका नरम होणार नाही. मूल समोर बसले आहे आणि बापाची मान मोबाईलमध्ये. मूल रडते म्हणून त्याच्याही हाती दुसरा मोबाईल. अनेकांचा समज आहे की पडद्यावरून मूल भाषा शिकते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकविली. समोर बसून, डोळ्यांत पाहून, खेळणी दाखवीत बोलणाऱ्या माणसांकडून बारा बैठकांत ती बाळे त्या भाषेचे ध्वनी शिकली. तीच माणसे, तेच शब्द, परंतु दूरदर्शनच्या पडद्यावर. बाळे काहीच शिकली नाहीत.

बोलण्याचे प्रमाण हा एक भाग झाला. आशय हा दुसरा. अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना ‘ये, तुला काही देते’ असे म्हणून बोलाविले. प्रेषित (स.) यांनी विचारले, काय देणार होतीस? खजूर, ती म्हणाली. त्यावर तिला सांगण्यात आले की काही दिले नसतेस तर एक खोटे तुझ्या नावे लिहिले गेले असते. ‘औषध गोड आहे’, ‘बाबा आता लगेच येतात’, ‘पोलीस पकडून नेईल’, हे सर्व आपण मोजत नाही. मूल मात्र त्यातून केवळ शब्द शिकत नाही. शब्दांवर किती विसंबायचे, हेही शिकते. तसेच ‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘मर जा’ हे तळतळाट आपल्या आयांच्या तोंडी इतके बसले आहेत की त्यांचा अर्थच त्यांना ऐकू येत नाही. आपल्या संततीविरुद्ध दुआ करू नका, न जाणो ती कबूल होण्याची घटिका असेल, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. उलट कुरआनमधील हजरत लुकमान पहा. शिर्कसारख्या गंभीर विषयावर मुलाला समजावितानाही ते प्रत्येक वेळी ‘हे माझ्या लाडक्या मुला’ अशी हाक घालतात.

एक गोष्ट जाता जाता सांगणे आवश्यक आहे. काही मुले घरात भरपूर बोलणे असूनही उशिरा बोलतात, अडखळतात. हजरत मूसा (अलै.) यांनी आपल्या जिभेची गाठ सुटावी म्हणून प्रार्थना केली होती आणि भाऊ हारून (अलै.) आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलतात म्हणून त्यांची साथ मागितली होती. यात लज्जेचे काही नाही, आणि मातेला दोष देण्यासारखेही काही नाही. दीड-दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर तावीज शोधीत हिंडण्याआधी डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्यावेत.

माझ्या मुलीच्या बाबतीत पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. एका दुपारी अम्मी तांदूळ निवडीत होती. खिडकीत चिमणी आली. मुलीने बोट दाखविले आणि तिला कोणत्याच भाषेत शब्द सापडेना. तिने दादीकडे पाहिले. दादीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेला उत्तर देताना मला खाली पाहावे लागले. मग मी म्हणालो, “बोल अम्मी.” ती जरा वेळ बोललीच नाही. वर्षभराची सवय होती. नंतर हल्लू आवाजात म्हणाली, “देख बेटा, चिडी आई, दाना खारी.”

आता मुलगी आठ वर्षांची आहे. इशाच्या नमाजनंतर ती दादीच्या अंथरुणात शिरते आणि दोघींचे बोलणे बराच वेळ चालू असते. दादी दखनीत विचारते, नात मराठीत उत्तर देते. तिला दखनी सारी समजते. बोलायला मात्र अजून संकोचते. ते एक वर्ष कोठे गेले, हे अम्मीने मला कधी विचारलेले नाही.